चढावरचा थांबा

“एकतीस,” मी म्हणाले आणि स्टॉपवॉच थांबवलं.

विजेच्या दुसऱ्या खांबाशी हात वर करून उभी असलेली कोमल वायदंडे पळत माझ्याकडे आली. सहावीतली ही मुलगी आकडे सुबक काढायची, म्हणून वही तिच्याकडे दिली होती. तिनं तारखेखाली ‘३१ सेकंद’ असं लिहिलं आणि चढावर घरघरत चाललेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मागे दोन ट्रॉल्या होत्या, ऊस माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत रचलेला.

“बाई, हितं वढायला लई सोपं,” ती म्हणाली. “जवळजवळ उभीच असती ट्रॉली.”

“तू किती ऊस ओढलेस आतापर्यंत?”

“आज, का ह्या गळितात?”

 दोन खांबांमधलं अंतर मी टेपनं मोजलं होतं, पन्नास मीटर. मारुतीच्या देवळापुढच्या सपाट रस्त्यावर भरलेला ट्रॅक्टर ते आठ सेकंदांत कापायचा. शाळेच्या फाटकापुढे उतार होता, तिथे साडेसहा. ओढ्याच्या पुलापलीकडच्या या चढावर एकतीस. म्हणजे ताशी सहा किलोमीटरसुद्धा नाही. माणूस भाजी आणायला निघतो तो वेग. तीन ठिकाणी मिळून मी साठ नोंदी घेतल्या होत्या आणि त्या साठ आकड्यांचा मला अभिमान वाटत होता.

नांदगिरवाडी हे कृष्णाकाठचं गाव. साखर कारखान्याचा रस्ता गावातून जायचा. दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की दिवसाला शंभर-सव्वाशे ट्रॅक्टर शाळेसमोरून जायचे आणि मुलं त्यांच्यामागे पळायची. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढून काढायचा, हा त्या गावचा खेळ होता. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. मागच्या गळितात चौथीतला एक मुलगा ओढताना पडला आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं चाकाखाली गेली. पंधरा दिवसांनी तोच मुलगा हाताला पट्टी बांधून पुन्हा ट्रॅक्टरमागे पळताना मी पाहिला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय होता.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. केलेली, गावच्या बारावीपर्यंतच्या हायस्कुलात शिक्षणसेविका. तिसरं वर्ष चालू होतं. जूनमध्ये कायम व्हायचं होतं आणि त्यासाठी शाळा समितीच्या अध्यक्षांचा शेरा लागायचा. अध्यक्ष होते रंगराव तात्या.

समितीची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. “पोरास्नी वढू नका म्हणून सांगायचं, एवढंच ना?” तात्या म्हणाले. “ह्या गावात ऊस न वढलेला एक माणूस दाखवा. त्याला मी जेवायला घालतो.”

“मला घाला मग,” मागून मालनताई म्हणाल्या. या कोमलच्या आई, शाळेत खिचडी शिजवायच्या. “मी जतकडची. आमच्याकडं प्यायला पाणी न्हवतं, ऊस कुठला?”

“तू अख्ख्या शाळंला घालतीस, तुला आणि कोण घालणार?”

सगळे हसले. मालनताई हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तात्या, वढू नगा म्हणण्यापरीस देऊन टाका की. गाडी थांबवायची, आम्ही बायकांनी चार ऊस काढून घ्यायचे, पोरांच्या हातात द्यायचे. हातात ऊस आल्यावर पोरगं गाडीमागं पळंल कशाला?”

 इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, मलाही नाही.

“थांबवायची कुठं?” तात्यांनी विचारलं.

तेव्हा मी वही उघडली. आकडे वाचून दाखवले. “वेग हाच धोका आहे,” मी म्हणाले. “जिथे वेग सगळ्यात कमी, तिथे थांबवायचं. पुलापलीकडच्या चढावर.”

“झालं,” तात्या म्हणाले. “बाईंनी मापून काढलंय.”

मग सगळं भराभर झालं. कारखान्याच्या शेतकी कचेरीनं चालकांना सांगितलं. शाळा सुटल्यावर येणारे पहिले पाच ट्रॅक्टर चढावर थांबायचे. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, रोज दोघी. एकीच्या हातात लाल निशाण, दुसरीनं मागच्या ट्रॉलीतून ऊस उपसायचे. मुलांसाठी मी चुन्याची रेघ मारून दिली, रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर आत. रेघेच्या मागे तात्यांनी स्वखर्चानं सिमेंटचा कट्टा बांधून दिला. कट्ट्याच्या कोनशिलेवर त्यांचं नाव होतं, पण गाव त्या जागेला ‘बाईंचा थांबा’ म्हणू लागलं. देवळापुढे आणि फाटकापुढे मुलं पळेनाशी झाली. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. त्यात मी कोपऱ्यात उभी आहे, वही छातीशी धरून.

नवव्या दिवशी एक चालक ऊस देऊन झाल्यावर इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. चाळिशीचा, खांदे आत आलेला माणूस. ट्रॅक्टरवर त्यानं बायकोला ब्रेक दाबून बसवलं होतं.

“तुमीच का त्या मापवाल्या मॅडम?”

“हो.”

“मी अश्रुबा सांगळे. बीडकडचा. चौदा सीजन झाले, गाडी चालवतो. एक सांगू का?”

“सांगा ना.”

“चढाला नका थांबवू. हळू चालती मनून ती गाडी मवाळ नसती. चालू हाय तवर ठीक हाय. एकदा थांबवली की पुन्हा उचलताना समदा जोर पिनवर येतो.” त्यानं दोन ट्रॉल्यांना जोडणाऱ्या लोखंडी पिनेकडे बोट केलं. “मागच्या ट्रॉलीला बिरेक नसतो, मॅडम. पिन गेली की ती निघाली उलटी.”

“मग कुठे थांबवू?”

“देवळापुढं. सपाटीला.”

“तिथे वेग बावीस आहे.”

 “थांबल्यावर कुठला आलाय येग?” तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरवर चढला.

मी त्याचं नाव, तारीख आणि त्याचं म्हणणं वहीत लिहून घेतलं. घरी जाऊन हिशेब मांडला. चढाचा कोन मला ठाऊक होता, उसाचं वजन विचारून घेतलं होतं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना पिनेवर येणारा ताण सपाटीच्या कितीतरी पट होता. हे अकरावीचं गणित आहे. मी ते शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेले. त्यांनी पेपरातला फोटो काचेत बसवून आणला होता.

“तात्या, थांबा देवळापुढे नेला तर?”

“का वो?”

“तिथे सपाट आहे.”

“आता? कट्ट्याचा रंग वाळला न्हाई अजून.” त्यांनी चहा मागवला. “बाई, आता हलवायचं म्हणजे आमचं चुकलं म्हणायचं. गावाला काय, बोलायला इषय पायजे. आणि तुमचंबी जूनला बघायचंय न्हवं?”

ते हसत बोलले. धमकी नव्हती ती. पिनेचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी त्यातल्या त्यात एक मार्ग काढला. गाडी थांबली की मागच्या ट्रॉलीच्या चाकांमागे दोन मोठे दगड ठेवायचे. गाडीवान बैलगाडीच्या चाकाला उटी लावतात, तशीच ही उटी. पण गाडी गेल्यावर दगड रस्त्यात राहिले तर मोटारसायकली धडकायच्या. म्हणून मी पुठ्ठ्यावर नियम लिहून कट्ट्यापाशी टांगला. ‘गाडी थांबताच उटी लावावी. गाडी पुढे हलताच उटी काढावी.’ अक्षर ठळक, निळ्या शाईत. त्यानंतर मला बरं वाटलं. अश्रुबाचा ट्रॅक्टर पुन्हा आला तेव्हा त्यानं दगडांकडे पाहिलं, पाटी वाचली आणि काही बोलला नाही. त्याचं समाधान झालं, असं मी धरलं.

एक्केचाळीस दिवस कुणाला साधं खरचटलं नाही.

बेचाळिसाव्या दिवशी पाळी मालनताईंची होती. बरोबरची बाई निशाण घेऊन पुढे उभी होती. तिसरा ट्रॅक्टर अश्रुबाचा. तो थांबला. मालनताईंनी उटी लावली, चार ऊस उपसले, मोडून मुलांच्या हातात दिले. निशाण खाली झालं. ट्रॅक्टर गुरगुरला, ट्रॉल्या हातभर पुढे सरकल्या. मालनताईंनी वाकून दोन्ही दगड बाजूला ओढले.

आवाज फार मोठा नव्हता. घंटेवर एकच टोला मारावा तसा. ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली एकदम हलकी होऊन पुढे गेली. मागची ट्रॉली क्षणभर जागेवर राहिली, मग मागे निघाली. वेग असा काहीच नव्हता. मी पाहत होते आणि मला वाटलं, माणूस हातानं धरील इतकी हळू येतेय. मग तिची पुढची चाकं वळली आणि ती रस्ता सोडून कट्ट्याच्या अंगावर आली.

मुलं पांगली. ट्रॉली कट्ट्याला धडकून तिरकी झाली आणि ऊस ओतला गेला. मी मुलं मोजली. एकतीस हवी होती, तीस होती.

“कोमल,” मालनताई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या.

ट्रॉलीचा मागचा फळा आणि कट्टा यांच्यामध्ये हातभर फट राहिली होती. वरून उसाचा ढीग. त्या फटीत शिरण्याइतकी बारीक तिथे मीच होते. मी पोटावर सरकत आत गेले. वरचे ऊस दबून करकरत होते. आत अंधार होता, गोड वास होता, आणि कोमलचा हात माझ्या हाताला लागला.

“बाई?”

“हो. मीच आहे.”

“मला हलता येईना.”

“हलू नकोस. बाहेर लोक ऊस काढतायत.”

माझ्या पाठीवर उसाचा भार होता, छाती जमिनीला टेकलेली. पूर्ण श्वास घेता येत नव्हता. मागे सरकून पाहिलं तर पाय अडकले होते. बाहेर तात्यांचा आवाज येत होता, “एकेक काढा, एकेक. ढीग हलवू नका, पोरगी दबंल.” ऊस एकेक निघत होता आणि मला ते निघणं ऐकू येत होतं. सवय म्हणून मी ते मोजायला लागले. चाळीस, एक्केचाळीस. ढिगात किती असतील याचा अंदाज केला आणि मग मोजणं सोडून दिलं.

“बाई, माझा पाय कुठाय?”

“आहे.”

“मला कळंना.”

“मुंग्या आल्या असतील.”

 मग ती म्हणाली, “मी रेघंच्या आतच हुते.”

“हो.”

“पाय एवढासुद्धा भाईर न्हवता. मी बघितलं हुतं.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

मी तिचा हात घट्ट धरला. बाहेर ऊस निघत राहिले. ती पुन्हा काही विचारील याची भीती वाटत होती आणि ती गप्प झाली की त्याहून जास्त वाटायची. आम्ही पंचवीस मिनिटं आत होतो. हे मला नंतर कळलं. आत मला कुणी विचारलं असतं तर मी तीन तास सांगितलं असतं.

कोमलला मिरजेला नेलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

लोक अश्रुबाला मारायला धावले होते. तात्यांनी त्याला ओढत नेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. पोलीस येईपर्यंत दोन तास तो तिथे होता, माझ्या तराजूंच्या आणि भिंगांच्या मधे. संध्याकाळी तात्या माझ्या खोलीवर आले. बसले नाहीत.

“त्यो म्हणतोय, मी मॅडमला आधीच बोललो हुतो. बोलला हुता काय?”

“हो.”

“पिनेचं?”

“हो.”

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मला न्हाई सांगितलंसा.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ते काय म्हणतील याची मी वाट पाहिली. त्यांनी मागे वळून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, उद्या फौजदार तुमचा जबाब घेणार. पिन तुटली, ट्रॉली आली, एवढं सांगा. त्यो आधी बोलला हुता, हे तुम्ही काढलंसा की पाठोपाठ उटीचं निघणार. आणि उटीचं निघालं की वकील पयला प्रश्न काय इचारंल? दगड कुणी काढला. मग मालनीनं कोर्टात हुभं राहून सांगायचं? स्वतःच्या लेकीचं?”

याचा विचार मी केला नव्हता. तात्यांनी तो करून आणला होता आणि तो खरा होता. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी शाळेच्या ऑफिसात माझा जबाब लिहून घेतला. चांगले गृहस्थ होते. अंतरं, वेळ, कोण कुठे उभं होतं, सगळं विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं, सेंटिमीटरपर्यंत.

“ड्रायव्हरनं ब्रेक लावला होता?”

“मला दिसलं नाही.”

मला खरंच दिसलं नव्हतं. मागच्या ट्रॉलीला ब्रेक नसतोच, हे त्यांनी विचारलं नाही.

“आणखी काही सांगायचंय, मॅडम?”

“नाही,” मी म्हणाले. त्या जबाबात खोटा शब्द हा एकच.

थांबा बंद झाला. तात्यांनी कट्टा फोडून टाकला. पुठ्ठ्याची पाटी कुणी काढली ते कळलं नाही. अश्रुबा जामिनावर सुटला आणि बायकोला घेऊन बीडकडे गेला. मार्चमध्ये कोमल कुबडी घेऊन शाळेत आली. पहिल्या बाकावर बसायची. खिचडीच्या सुट्टीत मालनताई मोठ्या पातेल्यापाशी उभ्या असायच्या आणि मी ताट घेऊन गेले की नेहमीसारखं विचारायच्या, “बाई, कांदा घालू?” दगडांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मीही नाही. मालनताईंना सांभाळायचं म्हणून मी गप्प आहे, असं मी रोज स्वतःला सांगत होते. दुसरं कारणही होतं. जून यायचा होता.

जूनमध्ये मी कायम झाले. शेरा उत्तम होता.

ऑगस्टमध्ये समन्स आलं. मला आणि मालनताईंना, दोघींना. तालुक्याच्या कोर्टात खटला होता. आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो. मालनताईंनी कोमललाही आणलं होतं, घरी तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं. पर्समध्ये माझी वही होती, नवव्या दिवसाच्या पानावर खूण घातलेली. ती मी का घेतली होती? सांगायचं ठरवून, असं मी आजवर समजत आले.

कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता. समोर कोर्टाची खोली. आत पंखा बंद होता म्हणून दोन्ही दारं सताड उघडी टाकली होती. साक्षीदारांनी बाहेर थांबायचं, नाव पुकारल्यावर आत यायचं, असं शिपाई सांगून गेला. आम्ही बसलो. कोमल कुबडी मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसली होती, चिंचेच्या झाडाकडे पाहत.

“बाई,” मालनताई म्हणाल्या.

“हं?”

“आत साहेबानं इचारलं तर माझं नाव घ्या.”

मी त्यांच्याकडे वळले.

“दगड मी काढला. तुम्ही ते झाकून ठेवलंय, म्हाईत हाय मला. तात्या बोलले हुते. पण त्या ड्रायव्हरच्या जिवावर नगं. त्यानं काय केलं? थांब म्हटलं, थांबला. चल म्हटलं, चालला.”

“कोमलला कळलं तर—”

“कोमलला मीच सांगितलंय. उन्हाळ्यातच.”

“काय म्हणाली ती?”

मालनताईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. “म्हणाली, आई, पाटीवर तसंच लिवलं हुतं.”

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. जे घडलं ते त्या सांगत होत्या. मी पर्सच्या बंदावर हात ठेवून बसले. आता कशाचीच अडचण नव्हती. नोकरी कायम होती. मालनताईंनी स्वतः सांगितलं होतं. कोमलला ठाऊक होतं. मी आत जाऊन बोलायचं, इतकंच उरलं होतं, आणि त्यासाठी नाव पुकारलं जायचं होतं.

अश्रुबाला आत नेलं तेव्हा त्यानं आम्हाला पाहिलं. तो आणखी वाळला होता. मालनताई उठून उभ्या राहिल्या. तो थांबला, पायऱ्यांवरच्या कोमलकडे त्यानं पाहिलं, आणि मालनताईंना हात जोडले. मग आत गेला.

बाकावरून सगळं ऐकू येत होतं. आरोप वाचून दाखवला. बेदरकारपणे वाहन चालवून गंभीर दुखापत.

“गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हाय साहेब.”

त्याचा वकील गडबडीनं काहीतरी कुजबुजला. अश्रुबानं मान हलवली. “नको वकीलसाहेब. लेकराची माय हाय तिथं भाईर. तिला कशाला हुबं करता? हाय म्हणलं ना.”

“कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना?”

“न्हाई.”

“तुमच्या बाजूनं काही सांगायचंय?”

 मी बसले होते तिथून त्याची पाठ दिसत होती. त्यानं मान वळवली आणि दारातून सरळ बाहेर पाहिलं. बाकापासून तो किती अंतरावर होता हे मला आजही सांगता येईल. सहा मीटर, फार तर साडेसहा. मालनताईंनी माझ्या दंडाला हात लावला. ढकललं नाही, नुसता लावला. माझं नाव अजून पुकारलं नव्हतं.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला.

चार महिने कैद झाली, लायसन काढून घेतलं. कारकुनानं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, “बाई, कबुली झाली. साक्षीची गरज नाही. तुम्ही गेलात तरी चालेल.”

मालनताई कोमलकडे गेल्या. तिला उठवलं, कुबडी हातात दिली. मी तिथेच उभी राहिले. पोलीस शिपाई अश्रुबाला घेऊन बाहेर आला.

“सांगळे,” मी म्हणाले.

तो थांबला. शिपाईही थांबला.

“तुम्ही मला आधी सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलंय. आज मी ते सांगणार होते.” मी पर्सवर हात ठेवला. “पण माझं नाव पुकारलंच नाही.”

अश्रुबानं माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून खोलीकडे. आत पुढच्या खटल्याची माणसं शिरत होती. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

“दार तर उघडंच व्हतं, मॅडम,” तो म्हणाला, आणि शिपायाच्या पुढे होऊन पायऱ्या उतरायला लागला.